गल्लीकडच्या खिडकीचा आकडा

टोनेसच्या दुकानात पाऊल टाकलं की आधी वास भेटायला येतो. जवसाच्या तेलाचा, डांबराचा आणि टोनेसच्या वडिलांच्या तंबाखूचा. वडील जाऊन जमाना लोटला, टोनेसनं जन्मात पाइप ओढला नाही, तरी तो वास दुकान सोडायला तयार नाही. ग्रिथ दारातच थबकली. लहानपणी आईनं खिळे आणायला पाठवलं की ती मुद्दाम इथं रेंगाळायची. आज मात्र रेंगाळायला सवड नव्हती. शनिवारी घर बघायला माणसं येणार होती.

"खिडकी उघडी धरून ठेवायचा आकडा हवाय," ती म्हणाली. "आईकडचा परवा गंजून तुटला. वारा आला की झडप नुसती आपटत राहते."

टोनेस तिच्याच वर्गातला. आता टक्कल पडलं होतं, पोट सुटलं होतं, पण कशाचीही घाई न करायची खोड शाळेतलीच होती.

"गल्लीकडची खिडकी की बंदराकडची?"

"गल्लीकडची. पण त्यानं काय होतंय? खिडकी ती खिडकीच."

"समोर कोण राहतं?"

ग्रिथला हसू आलं. द्राग्योरसारख्या छोट्या बंदरगावच्या माणसाला टाचणी विकायची असली तरी आधी दहा घरांच्या चौकशा कराव्या लागतात, नाहीतर त्याला जेवण पचत नाही.

"अरे, समोर कोण राहतं ते तुला माहीत नाही होय? मार्शेनमावशी. मी जन्मायच्या आधीपासून तीच राहतेय. तू आकडे दाखव बघू."

"मला माहीत आहे गं. तुझ्या लक्षात आहे का, ते बघत होतो," टोनेस म्हणाला आणि त्यानं एकेक खण ओढायला घेतला.

खणांत आकड्यांची अख्खी जमात नांदत होती. साधे लोखंडी, काळा रंग दिलेले. जस्ताचा मुलामा दिलेले, राखाडी. काही वीतभर, काही चांगले हातभर. एक नव्या जमान्याचं प्रकरणही होतं: सरकती सळई आणि ती आवळायला पेच, म्हणजे झडप हवी तिथं अडवा. "हे नव्या घरांसाठी," टोनेस म्हणाला, "तुमच्या गल्लीत लावलंस तर जुनी घरं जपणारे लोक माझा गळा धरतील." आणि सगळ्यांत खालच्या खणात, मऊ कागदात गुंडाळलेले पितळेचे. लांबसडक, टोकाला नाजूक वळण दिलेले. ग्रिथनं त्यातलाच सर्वांत लांब उचलला. येणाऱ्यांची नजर खिळेल असं काहीतरी लावा, असं घरं विकून देणाऱ्या दलालानं तिला बजावलंच होतं.

"लांब होईल," टोनेस म्हणाला.

"होऊ दे की. खिडकी एकदाची सताड उघडू दे. आईची ती खोली कायमची अंधारी."

टोनेसनं खांदे उडवले. गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायची नाही हे त्याला वडिलांनी शिकवलं होतं. वडील स्वतः दिवसभर तेच करायचे, ही गोष्ट वेगळी. "घेऊन जा," तो म्हणाला. "बदलायला येशील तेव्हा मी इथंच आहे."

ग्रिथची आई ट्राइन एप्रिलमध्ये गेली. रात्री झोपली ती सकाळी उठली नाही, इतकं सोपं. सगळे म्हणाले, सोनं झालं. ग्रिथलाही तसंच म्हणावं लागलं, पण आतून तिला ते मुळीच पटलं नव्हतं. दातांच्या दवाखान्यातली नोकरी संपवून ती नुकतीच घरी बसली होती; आता आठवड्यातून दोनदा आईकडे जाईन, बाकावर बसून दोघी हेरिंग मासे खाऊ, असे बेत चालले होते. आणि आईनं असा दगा दिला. कोपनहेगनमधल्या वाल्बीतला आपला फ्लॅट तिला अचानक फार मोठा वाटायला लागला, आणि तो तर दोनच खोल्यांचा होता. नवरा फार वर्षांपूर्वी दुसरीकडे संसार थाटून बसलेला, मूलबाळ नाही. भाऊ डिर्क तिकडे ऑलबोर्गला. त्यानं फोनवर सरळ सांगितलं, घर विकू या, तू एकटी काय करणार त्याचं?

बोलणं बरोबर होतं, पण ग्रिथला एक टोचणी होती, आणि ती समोरच्या घरात राहत होती. मार्शेनमावशीनं नव्वदी ओलांडली होती. नगरपालिकेची बाई दुपारी येऊन औषधं देऊन जायची. मुलगा क्रिलेस लांब पश्चिम किनाऱ्याला. त्यानं आईच्या गळ्यात धोक्याची घंटा वाजवणारं बटण अडकवलं होतं. मावशीनं ते स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगून ठेवलं, कांद्याच्या माळेशेजारी. क्रिलेसनं ग्रिथला मे महिन्यातच सांगितलं होतं: "ट्राइनमावशी समोर होती म्हणून मी आईला तिथं राहू दिलं. आता समोर कोणी माणूस असेल तर बघू. नाहीतर वृद्धाश्रमात खोली मिळतेय, नाताळच्या आत हलवतो." म्हणजे हे घर विकलं की मावशीही उठली. हे ग्रिथला पुरतं ठाऊक होतं आणि म्हणूनच घर आवरायला आल्यापासून ती मावशीच्या नजरेला नजर देणं टाळत होती.

दुपारी तिनं आकडा बसवायला घेतला. हाताला काम मिळालं की डोकं गप्प बसतं, असा तिचा अनुभव. वडिलांच्या पेटीत गिरमिट होतं, पेचकस होता. चौकटीच्या खालच्या पट्टीवर तिनं आकड्याचं बूड बसवलं आणि झडपेवर कडी. कुठं? मध्यावर. मध्यावर शोभून दिसत होती म्हणून. मग झडप बाहेर ढकलली, आकडा कडीत टाकला. पितळ उन्हात असं झळकलं की तिचं तिलाच कौतुक वाटलं. झडप गल्लीत सरळ आडवी उभी राहिली.

"अगं बाई!" समोरून आवाज आला. "ट्राइनच्या खिडकीला सोन्याचा दात बसवला वाटतं कुणी!"

मार्शेनमावशी आपल्या खिडकीत बसली होती. तिची खिडकी उघडीच होती, तिच्या जुन्या काळ्या आकड्यावर, जेमतेम अर्धी. पांढरे केस घट्ट मागे बांधलेले, आणि डोळे अजून सुईत दोरा ओवतील असे.

"कसा आहे मावशी?"

"छान आहे. मिठाच्या वाऱ्यात दोन हिवाळ्यांत हिरवा होईल, पण तोवर छान आहे. आता एक काम कर. तुझ्या दारातून बाहेर ये आणि आपल्या दोघींच्या खिडक्यांमधून चालत जाऊन दाखव मला."

ग्रिथ बाहेर आली. द्राग्योरमध्ये अरुंद गल्ल्यांना तोटा नाही, पण ही गल्ली म्हणजे दोन घरांनी एकमेकांच्या कानात बोलावं एवढीच. ग्रिथची झडप मावशीच्या झडपेपासून वीतभरावर येऊन थांबली होती. ग्रिथनं अंग तिरकं केलं, पोट आत घेतलं, तरी ती भिंतीलगतच्या गुलखैऱ्याच्या झाडात अडकली. तेवढ्यात कोपऱ्यावरून पोस्टमनबाई सायकल घेऊन आली. तिनं ती पितळी शोभा पाहिली, ग्रिथकडे पाहिलं.

"मी आता काय, उडून जाऊ?" तिनं विचारलं.

मावशी खदखदून हसली. हसता हसता तिला ठसका लागला. ग्रिथनं धावत आत जाऊन आकडा काढला, झडप ओढून घेतली. पोस्टमनबाई घंटी वाजवत निघून गेली.

"टोनेसनं तुला विचारलं नाही, समोर कोण राहतं म्हणून?"

"विचारलं. मला वाटलं, उगीच चौकशा."

"चौकशा!" मावशीनं कपाळाला हात लावला. "अगं, गल्लीकडच्या खिडकीचा आकडा कधी दुकानात निवडतात होय? तो गल्लीत निवडायचा असतो. समोरच्या बाईला तिच्या खिडकीशी उभं करायचं. तिनं आपली झडप तिच्या आकड्यावर टाकायची, मग आपण आपली हळूहळू ढकलायची. मधून एक बाई कमरेवर मासळीची टोपली घेऊन जाईल एवढी जागा उरली की थांबायचं. तिथं जी लांबी भरेल तो तुझा आकडा. लग्न होऊन मी इथं आले ना, तेव्हा सासू म्हणाली, पडदे नंतर शिव, आधी समोरच्या ट्राइनला भेट आणि आकडा ठरव. माझी न् तुझ्या आईची पहिली ओळख ती. मी ह्या बाजूला, ती त्या बाजूला, आणि मधे माझी सासू टोपली घेऊन येरझारा घालतेय. टोपली रिकामी, पण तोरा असा की जणू सगळा समुद्र भरून आणलाय."

ग्रिथला हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. तिला मावशीची सासू पुसट आठवत होती: काळा रुमाल बांधलेली, मुलांवर खवळून उठणारी म्हातारी. ती टोपली घेऊन ऐटीत चालतेय हे डोळ्यापुढं आलं आणि तिलाही हसू फुटलं.

"मग आज टोपली कोण घेणार?" तिनं विचारलं.

"तूच घे. ह्या पायांनी मी काही मरायची तालीम करणार नाही."

दुसऱ्या दिवशी ती पितळी आकडा परत द्यायला गेली. टोनेसनं काळ्या लोखंडी आकड्यांचा खण आधीच काढून ठेवलेला होता, हे टोमण्यापेक्षा वाईट. "मार्शेननं माप घेतलं?" त्यानं विचारलं. "घेतलं," ग्रिथ म्हणाली आणि आपला हात काउंटरवर ठेवला. कारण माप निघालं होतं ते असं: मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. गल्लीत उभी राहून टोपली कमरेवर घेऊन ती दोनदा गेली, मावशीनं थांब म्हटलं तिथं झडप धरली, आणि चौकट न् झडपेमधल्या फटीत हात घातला तर तो बरोबर बसला. मावशी बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ट्राइनचाही असाच बसला होता. बोटंसुद्धा तीच घेतलीस गं तिची." ग्रिथनं हात पटकन मागे घेतला होता, कारण तिला रडू येत होतं.

बसवताना मावशीनं समोरून हुकूम सोडले. अख्खी गल्ली ऐकत होती, पण मावशीला त्याचं काही नव्हतं.

"मध्यावर नको! बिजागरीपासून जितकी लांब जाशील तितका वारा नमतो. कडी झडपेच्या पार कडेला घे. हां. अजून."

"एवढी?"

"तुला काय, कानातलं लावायचंय? वादळ आलं की मध्यावरची कडी लाकडासकट उपटून येते. आणि आकड्याचं नाक वरून खाली जाऊ दे कडीत. उलटं लावलंस तर झडप थरथरली की उडी मारून बाहेर. स्क्रूला साबण चोळलास का?"

"चोळला मावशी."

"चोळला म्हणते, आणि दातओठ खातेयस. अजून चोळ."

ग्रिथनं पुन्हा साबण चोळला. गिरमिटानं पाडलेल्या भोकात स्क्रू मग लोण्यात शिरावा तसा गेला. आकडा कडीत टाकला, झडप हलवून पाहिली. अगदी किंचित खडखडली.

"ऐकलंस?" मावशी म्हणाली. "ढिला आकडा रात्रभर बोलत बसतो. तुला झोप लागेल, मला लागणार नाही. कडी एक फेरा अजून आवळ."

ग्रिथनं कडी अजून एक फेरा आत घातली. आता आकडा ताणून बसला. तिनं झडप मिटली, पुन्हा उघडली आणि आकडा टाकला. टक्.

तो आवाज ऐकून ती जागच्या जागी उभी राहिली. लहानपणी सगळ्यात आधी कानावर पडायचा तो हाच. शेगडी पेटायच्या आधी, कॉफीच्या वासाच्या आधी, आई खोलीत यायची, गल्लीकडची झडप उघडायची, टक्. आणि मग समोरून दुसरं टक्. भर जानेवारीत, पाणी गोठलेलं असतानासुद्धा. ग्रिथ आणि डिर्क पांघरुणात कुडकुडत ओरडायचे, आई बंद कर ना गं! आई म्हणायची, हवा खेळू दे जरा. दोघांचा तिच्यावर राग होता त्यापायी. किती सुखाचा राग होता तो, आणि किती सहज संपून गेला.

"आईला हवेचं भारी वेड होतं नाही?" ती म्हणाली. "बर्फ पडत असलं तरी खिडकी उघडायचीच."

मावशीनं विचारलं, "तुला हवेसाठी वाटलं?"

"मग कशासाठी?"

"मी मेले नाही, हे सांगायला."

आणि मग मावशीनं सांगितलं. तिचं लग्न होऊन दुसराच हिवाळा. दोघींचे नवरे जहाजावर, दोघींच्या पदरात तान्ही मुलं. ग्रिथ तेव्हा नव्हतीच, डिर्क होता. मावशी पहाटे जिन्यावरून घसरली, पाय मोडला, खाली फरशीवर पडून राहिली. वर क्रिलेस रडत होता. दारं बंद, खिडक्या बंद, बाहेर बर्फाचा ढीग. हाका मारून मारून घसा बसला. ट्राइनला कळलं तेव्हा दिवस मावळायला आला होता. क्रिलेस रडून रडून गार पडत चालला होता. ट्राइननं त्याला आपल्या अंगाशी लावून ऊब दिली, स्वतःचं दूध पाजलं. पाय बरा झाल्यावर दोघींनी ठरवलं. सकाळी उठलं की सगळ्यात आधी गल्लीकडची खिडकी, आकड्यावर. कॉफी उकळेपर्यंत समोरची उघडली नाही तर काहीही न विचारता गल्ली ओलांडायची. नवऱ्यांना सांगितलं नाही, ते हसले असते. मुलांना सांगितलं नाही, ती घाबरली असती.

"त्यानंतर कधी ओलांडावी लागली गल्ली?" ग्रिथनं विचारलं. आणि विचारल्यावर तिला उत्तर कळलं.

"एकदाच," मावशी म्हणाली. "एप्रिलमध्ये."

ग्रिथला नेहमी वाटत आलं होतं की आईला नगरपालिकेच्या बाईनं पाहिलं असेल, किंवा पोस्टमनबाईनं. तिनं कधी विचारलंच नव्हतं. ह्या नव्वदीच्या बाईनं कॉफी उकळेपर्यंत वाट पाहिली, मग काठी घेतली, पायरी उतरली, गल्ली ओलांडली आणि आत येऊन आपल्या मैत्रिणीचे डोळे मिटले. ग्रिथ खिडकीत उभी राहून रडली. मावशीनं तिला रडू दिलं. डोक्यावरून एक विमान घरघरत उतरत गेलं.

त्या दिवसापासून ग्रिथ सकाळी उठली की आधी खिडकी उघडायची. टक्. समोरून टक्. मावशी आपली खिडकी उघडून फक्त मान हलवायची. ग्रिथच्या मनात येऊन जायचं की हे आपण कशाला सुरू केलं? आठ दिवसांनी आपण जाणार. म्हातारीला उगीच सवय लावून तोडायची. पण खिडकी उघडल्याशिवाय राहवतही नव्हतं.

शनिवारी माणसं आली. चांगलं जोडपं होतं, तरुण, हसतमुख, दोघंही कोपनहेगनला कामाला. नवऱ्याला तुळया आवडल्या. बायकोला लाकडी जमीन आवडली. दलाल दोन्ही हात चोळत मागे मागे. मग ती बायको गल्लीकडच्या खिडकीशी आली, समोर बसलेल्या मावशीला बघून गोड हसली, आणि नवऱ्याला म्हणाली, "ह्या बाजूनं फार उघड्यावर आल्यासारखं होतं नाही? इथं आपलं पुस्तकांचं मोठं कपाट लावू या. म्हणजे ही खिडकी झाकूनच जाईल."

"उघडायची गरजही नाही," नवरा म्हणाला, "अंगणाकडून भरपूर हवा येते."

त्यांचं काय चुकलं? काहीच नाही. त्यांच्या जागी ग्रिथ असती तर तिनंही हेच केलं असतं, वाल्बीत तिनं केलंच होतं. तरी तिनं चटकन समोर पाहिलं. मावशीला ऐकू गेलं होतं. मावशीचे कान किती तिखट आहेत ते अख्ख्या गल्लीला माहीत होतं. मावशी हळूच उठली आणि आत गेली.

दलालाचा संध्याकाळी फोन आला, मंडळी घ्यायला तयार आहेत, सोमवारी हो म्हणा. डिर्कचा आला, शाब्बास, सुटलो. ग्रिथनं दोघांनाही बरं बरं म्हटलं. अंथरुणावर पडली तर डोळ्याला डोळा नाही. हो म्हणावं तर म्हातारी नाताळपूर्वी वृद्धाश्रमात, नाही म्हणावं तर कशाच्या जोरावर? एकसष्टाव्या वर्षी उठून बालपणीच्या घरात येऊन राहायचं, एका म्हातारीची खिडकी बघत? लोक काय म्हणतील, डिर्क काय म्हणेल? झुंजूमुंजू व्हायला लागलं तेव्हा कुठं तिचा डोळा लागला.

ती जागी झाली ती दाराच्या ठोक्यांनी. कोणीतरी काठीनं दार बडवत होतं. खोलीत चांगलं ऊन आलेलं. "ग्रिथ! ए ग्रिथ! उघड, नाहीतर काच फोडीन!"

ती अनवाणी धावली. दारात मार्शेनमावशी उभी होती. रात्रीच्या झग्यावर मेलेल्या नवऱ्याचा खलाशी कोट, एका पायात सपाता, दुसरा पाय नुसता, दगडांवर ओला झालेला. त्या पायातली सपाता मागं गल्लीच्या मध्यावर पडली होती. चेहरा पांढराफटक. ग्रिथला पाहिल्याबरोबर मावशीनं हात पुढं केला आणि तिच्या गालाला लावला. गाल ऊन होता. तो ऊन आहे ह्याची तिनं दोनदा खात्री करून घेतली, एकदा तळव्यानं, एकदा बोटांच्या मागच्या बाजूनं.

आणि मग तोंडाचा पट्टा सुटला.

"मेली नाहीस तर! दिवस माथ्यावर आला, खिडकी बंद. कॉफी उकळून उकळून करपली. मी म्हटलं, पुन्हा? त्याच घरात पुन्हा? डिर्कला काय सांगू, कोणाला फोन करू, सगळं ठरवत आले इथवर. ह्या वयात असं कोणी कोणाला पळायला लावतं का गं? लाज नाही वाटत?"

"झोप लागली मावशी," ग्रिथ म्हणाली. "नुसती झोप लागली होती."

"झोप लागली म्हणे!" मावशी म्हणाली आणि दाराच्या चौकटीला टेकली.

ग्रिथनं तिला धरून आईच्या खुर्चीत बसवलं, पायांभोवती पांघरूण गुंडाळलं. गेल्या हिवाळ्यात वाल्बीत ग्रिथ तापानं फणफणून पडली होती, कितीतरी दिवस. त्या सगळ्या दिवसांत दार वाजलं ते एकदाच, विजेचं मीटर बघणाऱ्याचं. तेव्हा तिला त्याचं विशेष काही वाटलं नव्हतं. एकटी माणसं अशीच राहतात असं तिनं धरून चाललं होतं. आणि इथं एका बाईनं ती उठली नाही म्हणून एकाच सपातेनिशी गल्ली ओलांडली. आपण म्हातारीची राखण करायची की नाही ह्याचा ती रात्रभर हिशेब करत बसली होती, आणि इकडे म्हातारी पहिल्याच दिवसापासून तिची राखण करत होती. ग्रिथ खुर्चीशी खाली बसली, मावशीच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि हमसून हमसून रडली. आई गेल्यापासून ती इतकी कधीच रडली नव्हती.

मावशीनं तिच्या केसांतून हात फिरवला. मग म्हणाली, "त्यांना हो म्हणालीस का?"

"नाही. आणि म्हणणारही नाही."

"डिर्क ओरडेल."

"ओरडू दे. वाल्बीचा फ्लॅट विकून त्याचा वाटा त्याला देते. क्रिलेसलाही मीच कळवते, समोर माणूस आहे म्हणून."

मावशीनं कोटाच्या बाहीनं नाक पुसलं. मग जरा ताठ झाली.

"राहायचं असेल तर एक सांगून ठेवते," ती म्हणाली. "लवकर उठायचं. तुझी आई साडेसहाला उठायची. तुला सात चालतील, तू शहरात बिघडलीयस. पण सातच्या पुढं एक मिनिट नाही. मला रोज उठून हे जमायचं नाही, ग्रिथ. आणि आता कॉफी टाक, माझी करपलीय."